आकडा ताजा आहे की थिजलेला?

नोव्हेंबरमधली सकाळ. तुम्ही दिल्ली, नोएडा, गुरुग्राम किंवा गाझियाबादमध्ये राहत असाल, तर खिडकी उघडण्याआधी तुमचा हात मोबाइलकडे जातो. आज एक्यूआय किती? घरात दम्याचा त्रास असलेले मूल असेल, सकाळी बागेत फेऱ्या मारणारे आजोबा असतील, तर त्या एका आकड्यावर दिवस ठरतो. मास्क लावायचा का, इन्हेलर दप्तरात ठेवला का, आजोबांना आज घरातच थांबवायचे का?

समजा, स्क्रीनवर २८० दिसले. तुम्ही म्हणता, ‘चला, कालच्यापेक्षा हवा बरी आहे.’ मूल शाळेत जाते, आजोबा बागेत जातात. पण हा २८० कधीचा आहे? आत्ताचा, की रात्री दोन वाजता मागची यंत्रणा बंद पडली तेव्हाचा? स्क्रीन सुंदर आहे, रंग तेच आहेत, आकडा ठळक आहे. आकडा थिजला आहे हे मात्र तुम्हाला कोणीच सांगत नाही.

आपल्या घरातले किती निर्णय आता अशा सतत वाहत येणाऱ्या माहितीवर अवलंबून आहेत, ते आठवून पाहा. स्कूल बस कुठे आहे, सिलिंडर कधी येणार, पैसे पोहोचले का, विमान वेळेवर आहे का? या प्रत्येक आकड्यामागे एक कामगार पडद्याआड राबत असतो. तो कामगार मध्येच कोसळला तर पुढच्याला कळते का, हा प्रश्न संगणकाच्या जगात फार जुना आणि फार महत्त्वाचा आहे. तो समजून घेण्यासाठी इंजिनीअर असण्याची गरज नाही. चला, आधी स्वयंपाकघरात जाऊ.

पोळ्यांचा डबा आणि दोन कामगार

गणपतीत घरी पंचवीस पाहुणे जेवायला आहेत. ताई आत पोळ्या भाजते आणि डब्यात टाकते. दादा डब्यातून पोळ्या उचलून पंगतीत वाढतो. दोघांना एकमेकांकडे पाहण्याची गरज नाही, मधला डबा दोघांना जोडतो. ताईचा हात थोडा मंदावला तरी डब्यात चार पोळ्या शिल्लक असतात, त्यामुळे पंगत अडत नाही.

मोबाइलमधले ॲप साधारण असेच चालते. समोर दिसणारी स्क्रीन हा वाढणारा दादा. इंटरनेटवरून माहिती आणणारा भाग म्हणजे आतली ताई. एकाच प्रोग्रॅममध्ये एकाच वेळी चालणाऱ्या अशा कामांना थ्रेड म्हणतात. थ्रेड म्हणजे धागा. पुढचा धागा तुमच्याशी बोलतो, मागचा धागा गुपचूप राबतो. मधल्या डब्याला क्यू, म्हणजे रांग, असे म्हणतात.

आता आत गॅस संपला. ताई काही न बोलता मागच्या दाराने निघून गेली. दादाचे काय होईल? तीन शक्यता आहेत.

पहिली, दादा रिकाम्या डब्यापाशी वाट पाहत उभा राहील. पंगत ताटकळेल. मोबाइलवर गोल फिरणारे चक्र तुम्ही पाहता, ते हेच.

दुसरी, डबा रिकामा दिसला म्हणून दादा समजेल की सगळ्या पोळ्या वाढून झाल्या. तो पंगत उठवेल आणि अर्धे पाहुणे उपाशी जातील. संगणकात हे फार घातक असते, कारण अर्धवट माहितीची फाइल ‘पूर्ण’ म्हणून जमा होते आणि महिनाभर कोणाच्या लक्षात येत नाही.

तिसरी, दादा शेवटची थंड पोळी पुन्हा पुन्हा दाखवत राहील. हाच आपला थिजलेला २८०.

तिन्ही वेळा मूळ चूक साधी होती, गॅस संपला. गॅस संपणे हा काही गुन्हा नाही. ताईने डब्यात एक चिठ्ठी टाकली असती, ‘गॅस संपला, पोळ्या थांबल्या’, तर दादाने शेजारून सिलिंडर आणला असता किंवा भात वाढला असता. मागे झालेली चूक पुढे पोहोचवणे म्हणजे ही चिठ्ठी टाकणे. एवढे साधे काम, पण ते राहून गेले की काय होते, हे दिल्लीने अलीकडे वेगवेगळ्या रूपांत पाहिले आहे.

दिवाळीच्या रात्रीचे कोरे रकाने

२० ऑक्टोबर २०२५ ला दिवाळी होती. दिल्लीत वर्षातली सर्वात खराब हवा ज्या रात्रींना असते, त्यातली ही एक. त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी अनेक मोजणी केंद्रांच्या माहितीत मोठी भगदाडे पडली. ३ नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयात प्रदूषणाच्या प्रकरणावर सुनावणी होती. न्यायालयाला साहाय्य करणाऱ्या ज्येष्ठ वकील अपराजिता सिंह यांनी वृत्तपत्रांतील बातम्यांचा हवाला देत सांगितले की दिवाळीला ३७ पैकी ९ केंद्रेच सलग चालू होती. केंद्रेच चालत नसतील, तर उपाययोजना कधी लागू करायच्या हे कसे कळणार, असा त्यांचा प्रश्न होता.

हा प्रश्न नुसता तांत्रिक नाही. दिल्ली परिसरात ‘ग्रॅप’ नावाची टप्प्याटप्प्याची योजना आहे. एक्यूआय ४०० च्या वर गेला की तिसरा टप्पा, ४५० च्या वर गेला की चौथा. बांधकामे थांबवणे, ट्रक अडवणे, शाळा ऑनलाइन करणे हे सगळे या आकड्यांवरून ठरते. म्हणजे आकडा आला नाही तर नुसता रकाना कोरा राहत नाही, निर्णयही अडतो.

हवेचा आकडा तुमच्यापर्यंत येतो तो लांबचा प्रवास करून. केंद्रावरचे यंत्र हवा ओढते, धूलिकण मोजते. मोजमाप तिथल्या छोट्या संगणकात जाते, तिथून इंटरनेटने सर्व्हरवर, सर्व्हरवरून ॲपमध्ये. वीज गेली, जोडणी तुटली, यंत्र अडकले, तर साखळीची कोणतीही एक कडी गळू शकते. पुढच्या कडीला ते कळले नाही तर ती आपली शांत बसून राहते.

मात्र केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पद्धतीत एक चांगला नियम आहे. एखाद्या केंद्राचा २४ तासांचा एक्यूआय काढायचा असेल, तर किमान ३ प्रदूषकांची माहिती हवी. त्यात पीएम २.५ किंवा पीएम १० यांपैकी एक असलेच पाहिजे आणि किमान १६ तासांची मोजमापे हवीत. तेवढी नसतील तर आकडा काढायचा नाही, ‘माहिती अपुरी’ असे म्हणायचे. डब्यात चिठ्ठी टाकण्याचाच हा प्रकार. ‘माहिती अपुरी’ वाचून आपल्याला चिडल्यासारखे होते, पण घरात आजारी मूल असताना खोट्या २८० पेक्षा खरे ‘माहिती अपुरी’ कितीतरी उपयोगाचे. निदान तुम्ही जवळचे दुसरे केंद्र पाहता, खिडकीतून धुरके पाहता, मास्क लावता.

मुंगेशपूरचे ५२.९ अंश

कधी आकडा येत राहतो, पण तोच चुकीचा असतो. २९ मे २०२४ ला दिल्लीच्या मुंगेशपूर इथल्या स्वयंचलित हवामान केंद्राने ५२.९ अंश सेल्सिअस तापमान नोंदवले. देशभर खळबळ उडाली. पण त्याच दिवशी दिल्ली परिसरातील इतर केंद्रांची कमाल तापमाने ४५.२ ते ४९.१ अंशांच्या दरम्यान होती. एकच केंद्र एवढे वेगळे का? हवामान खात्याने पथक पाठवले, प्रमाणित उपकरणाशी तुलना केली आणि मुंगेशपूरचा सेन्सर सुमारे ३ अंश जास्त दाखवत असल्याचे जाहीर केले. त्याच दिवसांत नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्राचा ५६ अंशांचा आकडाही असाच सेन्सरच्या बिघाडाचा निघाला.

इथे लक्षात ठेवण्याची गोष्ट अशी की यंत्राने स्वतःहून ‘मी बिघडलो’ असे सांगितले नव्हते. माणसांनी शेजारच्या केंद्रांशी ताडून पाहिले म्हणून चूक उघडी पडली. चांगला कोड लिहिणारे ही तुलना यंत्राकडूनच करून घेतात. आलेला आकडा शक्यतेच्या कक्षेत आहे का, शेजाऱ्यांशी जुळतो का, हे तपासायचे आणि जुळत नसेल तर तो गाळून टाकण्याऐवजी त्यावर शंकेची खूण करून पुढे पाठवायचे.

विमानतळावरचा गोंधळ, पण उघडा गोंधळ

आता नोव्हेंबर २०२५ आठवा. दिल्लीच्या इंदिरा गांधी विमानतळावर विमानांची रांग लागली आणि ८०० हून अधिक उड्डाणांना उशीर झाला. बिघाड ६ नोव्हेंबरला सुरू झाला होता आणि तो एएमएसएस नावाच्या यंत्रणेत होता. कोणते विमान कुठून, कुठे, कोणत्या मार्गाने जाणार याचे संदेश ही यंत्रणा हवाई वाहतूक नियंत्रकांपर्यंत आपोआप पोहोचवते. विमानाचे वेळापत्रक म्हणजेही वाहती माहितीच.

संदेश आपोआप येणे थांबले, तेव्हा ते काम हातांनी सुरू झाले. जादा कर्मचारी बसवले गेले, फ्लाइट प्लॅन हातांनी हाताळले गेले. साहजिकच सगळे संथ झाले. प्रवासी तासन्‌तास ताटकळले, लहान मुले रडली, कुणाची पुढची विमाने चुकली. दुसऱ्या दिवशी, ७ नोव्हेंबरला, यंत्रणा पुन्हा सुरू झाल्याचे सरकारने कळवले, तरी साचलेल्या कामामुळे उशीर काही वेळ होतच राहिला.

त्रास झाला हे खरेच. तरीही नीट पाहा. संदेश येत नाहीत हे नियंत्रकांना ठाऊक होते, म्हणून त्यांनी वेग कमी केला आणि हातांनी काम केले. स्क्रीनवर जुनेच संदेश ताजे म्हणून दिसत राहिले असते, तर? उघड बिघाड वेळ खातो. लपलेला बिघाड त्याहून कितीतरी मोठी किंमत मागू शकतो. याचे उदाहरण पाहायला थोडे दूर, अमेरिकेत जावे लागेल.

घंटाच मुकी झाली तेव्हा

१४ ऑगस्ट २००३. अमेरिकेच्या ओहायो राज्यातील एका वीज कंपनीच्या नियंत्रण कक्षात दुपारी २ वाजून १४ मिनिटांनंतर धोक्याच्या सूचना येणे थांबले. वीजवाहिन्यांवर काही बिघडले की स्क्रीनवर सूचना झळकवणारा प्रोग्रॅमच अडकला होता. त्याच माहितीत एकाच क्षणी दोन कामांनी हात घातला आणि गुंता झाला. सूचनांची रांग मागे साचत गेली. त्या ओझ्याने मुख्य सर्व्हर बंद पडला, मग त्याच्या जागी आलेला राखीव सर्व्हरही.

कक्षातल्या कर्मचाऱ्यांना मात्र स्क्रीन शांत दिसत होती. शांत स्क्रीन म्हणजे सगळे आलबेल, असे समजणे स्वाभाविक होते. बाहेरून फोन येत होते, अमुक वाहिनी बंद झाली म्हणून. पण स्क्रीनवर तसे काही नव्हते. चार वाजून काही मिनिटांनी वीजजाळे कोसळले आणि अमेरिका व कॅनडातील सुमारे ५ कोटी लोक अंधारात गेले.

तारा झाडांना लागल्या, वाहिन्यांवर भार वाढला, ही मूळ कारणे वेगळी होती. पण सावरायला मिळालेला दीड-दोन तासांचा वेळ हातातून गेला, कारण घंटा मुकी झाली आहे हे सांगणारी दुसरी घंटा नव्हती.

घरात कोड शिकणारे कोणी आहे का?

तुमच्या घरातली मुलगी किंवा मुलगा कॉलेजात कोडिंग शिकत असेल, तर हा भाग त्यांना वाचायला द्या.

सगळ्या संगणकीय भाषा मागच्या थ्रेडची चूक सारखीच हाताळत नाहीत. पायथॉनमध्ये साधा थ्रेड कोसळला तर तो त्रुटीचा मजकूर छापतो आणि संपतो, मुख्य प्रोग्रॅम मात्र काही झालेच नाही असा पुढे चालतो. त्या थ्रेडसाठी ‘जॉइन’ करून थांबलात तरी चूक तुमच्या हाती येत नाही. ‘फ्यूचर’ वापरलेत तर चूक त्यात जपून ठेवली जाते, पण तुम्ही ‘रिझल्ट’ मागितला तरच समोर येते. कोणी विचारलेच नाही, तर ती तिथेच पडून राहते. जावामध्ये ठरावीक अंतराने चालणारे काम एकदा चुकले आणि ती चूक तिथेच पकडली नाही, तर पुढच्या फेऱ्या गुपचूप बंद होतात. उलट गो भाषेत एखाद्या गोरूटीनमध्ये न सावरलेला ‘पॅनिक’ झाला, तर अख्खा प्रोग्रॅम थांबतो. सी++ मध्येही थ्रेडमधून न पकडलेली चूक बाहेर पडली की प्रोग्रॅम तिथेच संपतो. नोड जेएसने २०२० मध्ये आलेल्या १५व्या आवृत्तीपासून सोडून दिलेल्या चुकांवर नुसता इशारा देणे थांबवून प्रोग्रॅमच बंद पाडायला सुरुवात केली. म्हणजे जगाचा कल चूक मोठ्याने बोलू देण्याकडे आहे.

वाहत्या माहितीचा कोड लिहिताना पाच गोष्टी पाळा.

एक, चूक त्याच डब्यात टाका. ज्या रांगेतून माहिती जाते, त्याच रांगेतून चूकही पाठवा. म्हणजे वाढणाऱ्याला वेगळे कुठे पाहायला लागत नाही.

दोन, ‘संपले’ आणि ‘तुटले’ यांच्या खुणा वेगळ्या ठेवा. रिकामा डबा म्हणजे काम पूर्ण, असे कधीच धरू नका. नीट संपल्याची स्पष्ट खूण आली, तरच फाइल पूर्ण माना.

तीन, मागचा धागा माहिती साठवत असेल तर तिथली चूक पुढच्या ‘लिहा’ किंवा शेवटच्या ‘बंद करा’ या हाकेच्या वेळी नक्की वर आणा. ‘सेव्ह झाले’ हा शब्द खरोखर सेव्ह झाल्यावरच दाखवा. मूळ कारण आणि मूळ ओळ पुसू नका, नाहीतर दुरुस्त करणारा अंधारात चाचपडेल.

चार, उलट बाजूही सांभाळा. वाढणारा निघून गेला आणि डबा काठोकाठ भरला, तर भाजणारी कायमची अडकून बसते. तिलाही ‘थांब’ सांगणारी खूण हवी.

पाच, वाट पाहण्याला मर्यादा घाला आणि मागच्या धाग्याला ठरावीक वेळाने ‘मी आहे’ असे सांगायला लावा. त्याला हार्टबीट, म्हणजे हृदयाचा ठोका, म्हणतात. ठोका थांबला की घंटा वाजली पाहिजे, आणि ती घंटा त्या धाग्यावर अवलंबून असता कामा नये.

आणि चूक पकडून काहीच न करणारी ती रिकामी ओळ लिहू नका. परीक्षेपुरता प्रोग्रॅम त्याने छान चालतो. पुढे कुणाच्या तरी रुग्णालयात किंवा बँकेत तो चालणार असतो, हे लक्षात असू द्या.

तुम्ही मोबाइल हातात घेता तेव्हा

कोड लिहीत नसलात तरी तुम्ही काही साधे प्रश्न विचारू शकता.

पहिला, आकडा कधीचा आहे? हवेचे ॲप असो वा स्कूल बसचे, आकड्याशेजारची वेळ पाहा. वेळच दाखवत नसेल, तर त्या ॲपवर एकट्यावर विसंबू नका. मंडळाच्या ‘समीर’ ॲपवरचा एक्यूआय ही २४ तासांची सरासरी असते, म्हणून आत्ता अचानक वाढलेला धूर त्यात उशिरा दिसतो, हेही ध्यानात ठेवा. आणि फोनमध्ये बॅटरी सेव्हर चालू असेल, तर ॲपचा मागचा कामगार तुम्हीच झोपवलेला असू शकतो.

दुसरा, ‘गेले’ आणि ‘पोहोचले’ यात फरक केला आहे का? व्हॉट्सॲपवर घड्याळाचे चिन्ह म्हणजे संदेश अजून तुमच्याच फोनमध्ये, एक टिक म्हणजे निघाला, दोन टिक म्हणजे पोहोचला. भावाला ‘बाबांना दवाखान्यात नेले आहे’ असा संदेश पाठवला आणि एकच टिक दिसली, तर वाट पाहू नका, फोन करा.

तिसरा, अडकले तर जबाबदारी कोणाची? यूपीआयवर ‘पेंडिंग’ दिसले की लगेच दुसऱ्यांदा पैसे पाठवू नका. ‘पेंडिंग’ म्हणजे यंत्रणा प्रामाणिकपणे सांगते आहे की निकाल अजून कळलेला नाही. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार, तुमच्या खात्यातून पैसे गेले पण समोरच्या व्यक्तीच्या खात्यात जमा झाले नाहीत, तर ते पुढच्या दिवसापर्यंत आपोआप परत यायला हवेत. दुकानदाराला केलेल्या पेमेंटसाठी ही मुदत ५ दिवसांची आहे. मुदत उलटली तर दर दिवसाला १०० रुपये भरपाई ठरलेली आहे. व्यवहाराचा क्रमांक जपून ठेवा आणि आधी ॲपमध्ये, मग बँकेकडे तक्रार करा.

झाकली मूठ

आपल्याकडे म्हणतात, झाकली मूठ सव्वा लाखाची. अब्रू राखायला ही म्हण ठीक आहे, पण माहिती वाहून नेणाऱ्या यंत्रणेला ती लागू केली की तोटाच होतो.

आणि तसे पाहिले तर घरालाही. चाचणीत कमी मार्क मिळाले की पेपर दप्तराच्या तळाशी लपवणारे मूल, छातीत दुखते आहे हे ‘उगाच काळजी कशाला’ म्हणून न सांगणारे आजोबा, कर्जाचा हप्ता चुकला हे पत्नीपासून दडवणारा नवरा, हे सगळे मागचे धागे. समोर सगळे शांत दिसते. ते गप्प राहतात, कारण मागच्या वेळी सांगितले तेव्हा ऐकणाऱ्याने आधी आवाज चढवला होता.

म्हणून आज रात्री जेवताना एक करून पाहा. घरातल्या कोणी एखादी चूक सांगितली, तर पहिले वाक्य ‘असे कसे केलेस?’ ऐवजी ‘बरे झाले सांगितलेस’ असे असू द्या. दुरुस्तीचे नंतर बघता येईल. आणि उद्या सकाळी मोबाइलवर हवेचा आकडा पाहाल, तेव्हा त्याखाली बारीक अक्षरात लिहिलेली वेळही वाचा. मगच मुलाला दारापर्यंत सोडा.